कोठारेंच्या पत्रातली शेवटची ओळ

तारखेशी वार जुळत नाही, एवढ्याच कारणासाठी संघमित्रा गमरेने एकदा बंगळुरूच्या एका हॉटेलात चार फोन केले होते. निमंत्रणावर 'शनिवार, सतरा' असं छापलेलं होतं आणि सतरा तारीख येत होती रविवारी. पहिल्या तिघांनी निमंत्रणावर आहे तेच बरोबर, असं सांगून फोन ठेवून दिला. चौथा भला माणूस निघाला. त्याने जाऊन हॉलची नोंद बघितली आणि कार्यक्रम शनिवारी सोळाला असल्याचं सांगितलं. संघमित्राने सोळा छापलं. ज्यांनी तिचं वाचलं ते वेळेवर पोचले. ज्यांनी निमंत्रणावर भरवसा ठेवला, ते दुसऱ्या दिवशी रिकाम्या हॉलच्या दारात उभे राहिले.

ती हे सगळं करायची ते कोठारेंच्या पत्रासाठी. आपल्याकडे दारूची जाहिरात करायला बंदी आहे. त्यामुळे वाइनचं नाव लोकांपर्यंत पोचतं ते लेखांतून, कार्यक्रमांतून, ओळखीपाळखीतून, आणि ते पोचवणारी माणसं शे-पाचशेच असतील: कंपन्यांचे जनसंपर्कवाले, वाइनवर लिहिणारे, समारंभ भरवणारे. त्यांच्यासाठी दर पंधरा दिवसांनी हे पत्र इंग्रजीतून निघतं, पूर्वी टपालाने जायचं, आता ईमेलने जातं. कोण कुठल्या कंपनीतून कुठे गेलं, पत्रकारांना नाशिकचे मळे दाखवायला कधी नेणार आहेत, कुठल्या स्पर्धेच्या बाटल्या कधीपर्यंत पोचवायच्या, पुण्यात चव घ्यायचा कार्यक्रम कोणत्या दिवशी, महिन्यात ड्राय डे किती, हे सगळं त्यात असतं. पत्राला खरं तर एक लांबलचक नाव आहे, पण ते कोणी घेत नाही.

आणि हे पत्र गेली दहा वर्षं जी बाई एकहाती काढते, तिने आयुष्यात वाइनचा थेंब चाखलेला नाही. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेली, दर रविवारी विहारात जाऊन पंचशील घेणारी ही बाई. त्यातलं पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. ती ते मनापासून पाळते.

ती या कामात पडली ती रमाकांत कोठारेंमुळे. हे गिरगावातले पाठारे प्रभू गृहस्थ, खाण्यापिण्याचे शौकीन. ठाकूरद्वारला दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं आणि तिथून ते निरनिराळ्या धंद्यांची माहितीपत्रकं काढायचे. छपाईच्या शाईवाल्यांचं एक, कागदवाल्यांचं एक. संघमित्रा तिथे चौऱ्याण्णव साली टायपिस्ट म्हणून लागली, तेव्हा एकवीस वर्षांची होती. इंग्रजी कच्चं होतं. कोठारे दुपारच्या चहाबरोबर तिच्याकडून वर्तमानपत्राचा एक रकाना मोठ्याने वाचून घ्यायचे आणि अडली की थांबायचे, हसायचे मात्र नाहीत. सात-आठ वर्षांत ती त्यांच्याच चुका काढायला लागली. नाशिककडे वाइनचे कारखाने वाढले, तेव्हा कोठारेंनी हे नवं पत्र सुरू केलं आणि त्यातलं तारखा, वेळा, पत्ते तपासायचं काम तिच्याकडे दिलं.

घरी तिने सांगितलं, द्राक्षवाल्यांचं पत्र आहे. ते अगदीच खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. आणि त्याला कारण होतं.

तिचे वडील रामदास गमरे कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. संप लांबला, गिरणी सुटली आणि ते हातभट्टीला लागले. सात वर्षांत संपले. तिची आई सुंदराबाई परळच्या एका हॉस्पिटलात सफाईचं काम करायची. नवरा गेल्यावर दहाव्या दिवशी तिने चाळीतल्या नऊ बाया गोळा केल्या आणि मागच्या गल्लीतल्या गुत्त्यावर जाऊन पिंपं उलटी केली. पुढे पोलीस आले, गुत्तेवाले धमक्या देऊन गेले, पण बायका हटल्या नाहीत आणि गुत्ता पुन्हा उभा राहिला नाही. अशा आईला लेकीने कुठल्या तोंडाने सांगायचं, की मी वाइनवाल्यांच्या खबरा छापते?

कोठारेंना अर्धांगाचा झटका आला त्या वर्षी त्यांनी पत्र संघमित्राच्या हाती दिलं. दोघातिघांनी त्यांना विचारलं, की जी बाई पीत नाही, तिला यातलं काय कळणार? कोठारेंची जीभ तेव्हा जड झाली होती. ते सावकाश म्हणाले, "तिला चव नाही छापायची. तिला तारीख छापायचीय." मग ते प्रश्न बंद झाले. कोठारेंनी हे वाक्य तिला कधी सांगितलं नाही, तिला ते दुसऱ्याकडून कळलं. आजही त्याची आठवण झाली की ती क्षणभर काम थांबवते.

लॉकडाऊनमध्ये ठाकूरद्वारचं ऑफिस सोडावं लागलं आणि पत्राचं काम नायगावच्या खोलीत आलं. सुरुवातीला कार्यक्रमच नव्हते, म्हणून फोनही नव्हते. सगळं परत सुरू झालं तसे फोन वाढले, आणि एकच खोली असल्यामुळे सुंदराबाईच्या कानावर सगळं पडायला लागलं. रेड किती, व्हाइट किती, पाहुणे किती, ग्लास कोण पुरवणार. म्हातारीचं वय पंच्याहत्तरच्या पुढे, पण कान तिखट.

एका दुपारी भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "मित्रा, हे द्राक्षवाले ग्लास कशाला मोजतात गं?"

संघमित्राने खरं ते सांगून टाकलं. आई भाजी निवडत राहिली. दोन दिवस ती लेकीशी कामापुरतंच बोलत होती. संघमित्राने त्या दोन दिवसांत मनाशी ठरवलं, की आई सोड म्हणाली तर काम सोडायचं. तिसऱ्या दिवशी सुंदराबाईने चष्मा पुसून डोळ्यावर लावला, ती वाचत नसे तरीही, आणि म्हणाली, की तुझं ते पत्र मला मराठीत करून वाचून दाखव. पहिल्या ओळीपासून.

संघमित्राने वाचलं. दिल्लीतला कार्यक्रम, गोव्यातला कार्यक्रम, पत्रकारांची सहल, नव्या नेमणुका, ड्राय डे. वाचायला अर्धा तास लागला. मध्ये आईने एकदाच विचारलं, दारू प्यायल्याने तब्येत सुधारते असलं काही तू छापतेस का? संघमित्रा म्हणाली, तसलं येतं, पण मी घेत नाही. आईने मान हलवली. वाचून संपलं तेव्हा तिने चष्मा काढून ठेवला.

मग म्हणाली, "कुठे जाऊन प्यायची ते सगळं लिहिलंस. ज्याला सोडायचीय त्याने कुठे जायचं, ते कुठाय?"

 ते ठिकाण आईला माहीत होतं. नायगावातल्याच एका शाळेच्या वर्गात दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता दारू सोडलेल्यांची बैठक भरायची. राजरत्न नावाचा एक प्लंबर ती चालवायचा. तो स्वतः त्यातून बाहेर आलेला होता, आणि त्याला पहिल्या दिवशी तिथे ओढून नेणारी सुंदराबाईच होती.

संघमित्राची रीत अशी, की खात्री केल्याशिवाय काही छापायचं नाही. त्या रविवारी ती स्वतः गेली. लहान मुलांच्या बाकांवर अकरा माणसं अवघडून बसली होती. कोणी नाव विचारलं नाही, कोणी उपदेश केला नाही. प्रत्येकाने आपला आठवडा कसा गेला ते सांगितलं. ती मागच्या बाकावर बसून ऐकत राहिली. वडिलांना असं एखादं बाक मिळालं असतं तर, हा विचार तिला तिथे पहिल्यांदा आला, आणि घरी येताना तिने तो आईला सांगितला नाही.

पुढच्या पत्रात आगामी कार्यक्रमांच्या यादीत सगळ्यात शेवटी एक ओळ आली: रविवार, सायंकाळी पाच, नायगाव. ज्यांना पिणं थांबवायचं आहे त्यांच्यासाठी बैठक. नाव सांगावं लागत नाही.

दोन कंपन्यांनी लगेच कळवलं, की हे आमच्या धंद्याच्या तोंडावर मारल्यासारखं आहे. एकीने आपल्या बातम्या पाठवणं थांबवलं. संघमित्रा घाबरली. पत्र तिचं नव्हतं, नाव कोठारेंचं होतं. ती गिरगावात त्यांच्या घरी गेली आणि म्हणाली, की तुम्ही म्हणाल तर ओळ काढते.

कोठारेंनी तिला कपाटातले जुने अंक काढायला लावले. मग एकेक अंक उघडून त्यातल्या श्रद्धांजल्या दाखवायला सुरुवात केली. हा चव्वेचाळीसचा होता, ही अठ्ठेचाळीसची, हा तर माझ्या मांडीवर खेळलेला. छापताना आपण सगळीकडे 'अल्प आजाराने' असं लिहिलं, ते म्हणाले. या कामात ग्लास नाकारला तर माणूस उद्धट ठरतो, संघमित्रा. आठवड्याला पाच कार्यक्रम, पाचही ठिकाणी हातात ग्लास. मी नशिबाने वाचलो, त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

"ओळ राहू दे," ते म्हणाले. "आणि बैठकीची वेळ बदलली तर लगेच दुरुस्ती छाप."

चार-पाच महिने काहीच झालं नाही. मग एका सकाळी आकांक्षा नाडकर्णीचा फोन आला. माटुंग्यात राहणारी, पस्तिशीतली, एका वाइन कंपनीचा जनसंपर्क बघणारी मुलगी. संघमित्राचा तिच्याशी तारखांपुरता संबंध. तिने आधी पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमाची वेळ सांगितली, मग हॉल सांगितला, मग उगाच पत्ता दुसऱ्यांदा सांगितला. संघमित्राला कळलं की फोन यासाठी नाही. ती थांबून राहिली.

शेवटी आकांक्षा म्हणाली, "ताई, ती शेवटची ओळ. ती खरी आहे, की कुठल्या दुसऱ्या पत्रातली चुकून पडलीय?"

"खरी आहे. मी स्वतः जाऊन बघून आलेय."

"तिथे आपल्या लाइनचं कोणी येतं?"

"तुम्ही आलात तर येईल."

त्या रविवारी संघमित्रा शाळेच्या फाटकाशी साडेचारपासून उभी होती. आकांक्षा पाच वाजून दहा मिनिटांनी आली, मोठा काळा चष्मा लावून. तिला आत जाववेना. दोघी समोरच्या रसवंतीत बसल्या, आणि तिथे तिने सगळं सांगितलं. सकाळी हात थरथरतात. एका समारंभात पाहुण्यांची नावं विसरली आणि ते हसण्यावारी नेलं. आईला वाटतं, थकवा आहे. सांगून झाल्यावर तिने चष्मा काढला आणि आपणहून उठली. संघमित्रा तिला वर्गाच्या दारापर्यंत सोडून परत फिरली.

रस्ता सरळ नव्हता. आकांक्षा तीनदा परत प्यायली. एकदा तर दोन महिने बैठकीला फिरकलीच नाही, आणि तेव्हा सुंदराबाईने लेकीला सांगून तिला जेवायला बोलावलं. सुकटीची चटणी, भाकरी, आमटी. जेवताना दारूचा विषयही निघाला नाही. निघताना म्हातारी फक्त म्हणाली, की रविवारी येशील तेव्हा आधी इथे चहाला येत जा. तेव्हापासून ती येत गेली. पुढे तिने आपल्या साहेबांनाही सांगितलं. ते चिडतील असं तिला वाटलं होतं, पण त्यांनी तिचं चव घेण्याचं काम दुसऱ्याला दिलं आणि लिहिण्याचं तिच्याकडे ठेवलं. आता दारू सोडून दोन वर्षं होऊन गेली.

यंदा या मंडळींचा वार्षिक मेळावा परळच्या एका हॉटेलात भरला आणि आयोजनात आकांक्षा होती. तिथे संघमित्राचा सत्कार ठरला. आकांक्षाने हट्टच धरला, की सुंदराबाईंना आणायचं. संघमित्राला वाटलं आई नाही म्हणेल. सुंदराबाईने ट्रंकेतली पांढरी साडी काढून इस्त्रीला टाकली.

हॉटेलात कोकमाचं सरबत हातात घेऊन ती पहिल्या रांगेत ताठ बसली. आजूबाजूला सगळ्यांच्या हातात ग्लास. मध्येच एक टाय लावलेला माणूस आला, वाकून तिच्या पाया पडला आणि निघून गेला. थोड्या वेळाने एक बाई आली, तिनेही तसंच केलं. संघमित्रा त्या दोघांनाही ओळखत होती, पण तेही रविवारी पाचला त्या शाळेत जातात हे तिला तोवर माहीत नव्हतं.

संघमित्राचं भाषण चार वाक्यांचं झालं. तिने कोठारे सरांचे आभार मानले, वाचकांचे मानले, आईचे मानले. चौथं वाक्य आकांक्षासाठी होतं, ते तिला पूर्ण करता आलं नाही.

कोठारे व्हीलचेअरवर कोपऱ्यात बसले होते, गुडघ्यावर रेड वाइनचा ग्लास. तीस वर्षांत सुंदराबाईची आणि त्यांची ही पहिलीच भेट. ती समोर येताना दिसली तसा त्यांनी ग्लास खुर्चीमागे धरायचा प्रयत्न केला.

"राहू दे साहेब, सांडेल," ती म्हणाली आणि शेजारच्या खुर्चीवर बसली. "माझ्या लेकीला तुम्ही शिकवलंत. हे सांगायला मी फार उशिरा आले."

"मी थोडं शिकवलं," कोठारे म्हणाले. "माझं नाव मात्र तिने टिकवलं. आणि तुमच्या त्या ओळीनं माझ्या पत्राची लाज राखली."

सुंदराबाईने त्यांच्या लुळ्या हातावर आपला हात ठेवला. मग तिने विचारलं, की तुम्ही सुकट खाता का. कोठारे म्हणाले, आमच्या घरात ती आवडीने खातात. तिने तिथल्या तिथे त्यांना पुढच्या गुरुवारचं जेवण सांगितलं, आणि संघमित्राला हाक मारून म्हणाली, की व्हीलचेअर आपल्या जिन्यावरून कशी चढवायची ते राजरत्नला विचारून ठेव.