विश्रामभाई आणि भुवईवरची खाच

विश्रामभाई घाडी पहिल्यांदा माझ्या दुकानात आले ते बिस्किटांचा पत्र्याचा डबा छातीशी धरून. परळला माझे डीटीपीचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल अशी कामे चालतात. भाईंनी डब्याचे झाकण काढले आणि दुकानभर आंबूस वास पसरला.

“निगेटिव्ह कुजायला लागल्यात,” ते म्हणाले. “तुमच्या मशीनवर उतरवून घेता येतील? आजच?”

आजच कसे होणार, असे मी विचारले. भाई खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “मग मी बसतो.” त्या दिवसापासून ते माझे गुरू झाले.

भाई मूळचे कापडगिरणीतले, मागावरचे कामगार. गिरण्यांचा संप लांबला, तेव्हा मेव्हण्यांचा कॅमेरा त्यांनी हाती घेतला. भोईवाड्यातली, लालबागमधली कितीतरी कुटुंबे तेव्हा खोलीला कुलूप लावून गावी निघाली होती. निघण्यापूर्वी भाईंना हाक येई आणि भाई त्यांना दारासमोर उभे करून फोटो काढत. पुढे गिरणीने भाईंना परत घेतले नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात डार्करूम करून त्यांनी याच कलेवर संसार केला. डब्यात होती ती ही निघालेली माणसे. अनेकांचा दुसरा फोटोच नव्हता.

निगेटिव्ह आक्रसून सुरकुतल्या होत्या, फोटो मोठा करणाऱ्या एन्लार्जरमध्ये सपाट बसत नव्हत्या. रसायनांनी भाईंच्या बोटांची सालपटे निघत होती. म्हणून साठी उलटल्यावर ते संगणकासमोर बसले, पण धास्तावलेलेच. आमचे सुरुवातीचे प्रिंट ट्यूबलाइटखाली हिरवट दिसत आणि उन्हात जांभळे. भाई प्रत्येक प्रिंट घेऊन रस्त्यावर जात, परत येत, मान हलवत. “काळा काळाच दिसायला हवा, मेधा.” शेवटी प्रिंटरमधल्या रंगीत शाया काढून आम्ही नुसती काळी आणि तीन करड्या शाया भरल्या. कागद बदलले. एक प्रिंट मनासारखा येईपर्यंत डब्यातल्या आणखी दोन निगेटिव्ह हातातून जातील, ही भीती त्यांना जेवू देत नसे.

त्याच सुमारास यमुनाबाई राणे आल्या. त्यांचे यजमान गणपतराव संपानंतर गावी गेले आणि तिथेच वारले. “नातीला आजोबा दाखवायचेत, भाऊजी,” त्या म्हणाल्या. त्या कुटुंबाची निगेटिव्ह सापडली. पण गणपतरावांच्या चेहऱ्याची डावी बाजू बुरशीने खाल्ली होती.

आता माझ्या चुकीविषयी लिहायला हवे. भाई तापाने आजारी असताना मी ते काम पुरे केले. चेहऱ्याची उजवी बाजू उलटी करून डावीकडे बसवली, कडा जुळवल्या. प्रिंट देखणा आला. भाईंना न विचारता मी तो यमुनाबाईंना देऊनही टाकला. वाटले, भाई खूश होतील.

चार दिवसांनी भाई आले. मी मोठ्या हौसेने दुसरी प्रत पुढे केली. त्यांनी ती दारापाशी नेऊन उजेडात पाहिली.

“हा डोळा कुणाचा?”

“त्यांचाच, भाई. उजवा उलटा केलाय.”

“गणपतच्या डाव्या भुवईत खाच होती. मागावरून धोटा उडून लागला होता. मी शेजारच्या मागावर होतो. रक्त मी पुसलं.” त्यांनी प्रिंट खाली ठेवला. “वहिनींना दिलास?”

मी मान खाली घातली. अजून अंगात कणकण असताना भाई भोईवाड्याकडे चालू लागले, मी मागोमाग. यमुनाबाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर. प्रत्येक जिन्यावर भाई दम घ्यायला थांबत होते.

फोटो भिंतीवर नव्हताच, कपाटात होता. भाई उभ्यानेच म्हणाले, “वहिनी, माझी चूक झाली. गणपतचा अर्धा चेहरा खरा नाही. तो आम्ही बनवलाय.”

मी बोलायला तोंड उघडले, तर त्यांनी हातानेच मला थांबवले.

यमुनाबाईंनी कपाटातून फोटो काढला. “म्हणजे खाच होती ना, भाऊजी?” त्यांनी विचारले. “चार दिवस मी बघतेय. मला वाटलं, मीच विसरले. नवऱ्याचं तोंडसुद्धा विसरले.” आणि त्या रडू लागल्या.

तो हुंदका मी आजही विसरलेले नाही. खाली उतरल्यावर मी भाईंना विचारले, “चूक माझी होती. तुमची का म्हणालात?”

“डबा माझा आहे,” भाई म्हणाले. “उद्या लवकर ये.”

पुढचे तीन आठवडे आम्ही त्याच निगेटिव्हवर काम केले. ती काचेखाली दाबायची, जेवढी सपाट होईल तेवढाच तुकडा डिजिटल कॅमेऱ्याने टिपायचा, मग पुढचा. दाबताना निगेटिव्हला तडा गेला तर सगळेच संपणार होते. काच ठेवताना भाई श्वास रोखून धरत. तुकडे पडद्यावर जोडत गेलो तशी बुरशीच्या कडेला सुरकुतीत दडलेली भुवई उमटली, आणि तिच्यात ती खाच. डोळा मात्र मिळाला नाही. तिथे करडा डाग तसाच ठेवून भाईंनी प्रिंट काढला. तो घेऊन आम्ही पुन्हा भोईवाड्यात गेलो. यमुनाबाईंनी भुवईवर बोट ठेवले आणि नातीला हाक मारली, “ये गं, हे तुझे आजोबा.”

त्यानंतर आमच्या हातून निघालेल्या एकाही प्रिंटमध्ये आम्ही पदरचे काही घातलेले नाही.

भाई आज पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. काचबिंदूमुळे एका डोळ्याने दिसणे कमी झाले आहे. करड्याच्या दोन छटांतला फरक ते आता मला विचारतात आणि माझ्या उत्तरावर त्यांचा पुरता विश्वास बसत नाही, हे योग्यच आहे. शाईचे प्रिंट किती टिकतील, ही त्यांची नवी काळजी. म्हणून गेल्या महिन्यात त्यांनी एक प्रिंट दुकानाच्या उन्हाच्या खिडकीत लावला आणि त्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला. दहा वर्षांनी पुठ्ठा काढून दोन्ही बाजू ताडून पाहायच्या आहेत. तो पुठ्ठा भाईंनी स्वतःच्या हाताने काढावा, प्रिंट उजेडात धरावा आणि त्यातली चूक मला दाखवावी, एवढेच माझे मागणे आहे.