राजा नको म्हणून कोणीच नको

२०२४ साल. मी शहात्तर वर्षांचा होतो. सिडनीत स्कोफिल्ड्सला मुलाकडे राहत होतो, आणि शिकल्यासवरल्या माणसांचा जितका वीट मला त्या वर्षी आला तितका त्याआधी कधी आला नव्हता. मी स्वतः चौथी नापास. पुढे जन्मभर बांधकामावर मुकादमी केली. माणसाला काम सांगायचं आणि त्याच्याकडून ते करून घ्यायचं, एवढंच मला येतं.

आमच्या इस्टेटमधली, म्हणजे वसाहतीतली, मराठी घरं आधी एका मोठ्या मंडळात होती. तिथला अध्यक्ष खुर्ची सोडायला तयार नाही. आरतीचं ताट कोणी धरायचं, स्टेजवर कोणाच्या पोरीने नाचायचं, सगळं तो ठरवणार. शेवटी आम्ही फुटलो. नव्या मंडळात नियम केला की अध्यक्ष नको, कोणावर सक्ती नको, आणि नियम बदलायचा तर प्रत्येक घराचा होकार हवा. टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू, काही गोष्टी चांगल्याही झाल्या. फुटताना एकही घर मागे हटलं नाही. कौन्सिलचा हॉल भांडून मिळवला. मागच्या मोकळ्या जागेवर नवी घरं उठली, तिथे राहायला आलेल्यांना पहिल्या दिवसापासून आमच्याइतकाच मान दिला.

पण माझ्या एका सोबत्याचा डोळा जायला लागला. बायको वारलेली, मुलगा पर्थकडे खाणीत इंजिनियर, महिन्यातले निम्मे दिवस तिकडेच. डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन घ्यायचं, चुकलं तर दिसतंय तेही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. गुडघ्यांमुळे त्याला स्टेशनचे जिने होत नाहीत. टॅक्सी करू म्हटलं तर म्हणाला, "आपली इतकी माणसं असताना भाड्याची गाडी?" आमच्या घरची गाडी मुलगा पहाटेच शिफ्टला नेतो. म्हणून मंडळाच्या ग्रुपवर विनंती टाकली. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. प्रत्येकाला वाटलं, इतक्यांनी हात जोडलेत म्हणजे कोणीतरी जाणारच. बूट घालून तो दारात बसून राहिला. कोणी आलं नाही. इंजेक्शन चुकलं.

इंजेक्शनची दुसरी तारीख मिळाली, तिच्या आदल्या दिवशी हॉलमध्ये बैठक भरली.

"पाळी लावा," मी म्हटलं. "ज्याची पाळी त्याने गाडी काढायची. नाही काढली तर त्याला पुढच्या कार्यक्रमात घ्यायचं नाही."

"काका, फोर्स नको ना," घरून काम करणारा एक कॉम्प्युटरवाला म्हणाला. "आपण रिक्वेस्ट करू. लोक आपणहून करतात."

"केलं की मागच्या वेळी आपणहून!"

शेवटी त्याच्यासकट सगळी घरं पाळीला तयार झाली, एक सोडून. सगळ्यात लहान घर ते, नवराबायको दोघंच. नवरा म्हणाला, "प्रिन्सिपल म्हणून नाही म्हणतोय काका. पर्सनली घेऊ नका."

"अरे, डोळा पर्सनल आहे त्याचा!"

एक नकार, म्हणून पाळी बारगळली. पुन्हा विनंती. पुन्हा जोडलेले हात. चहा झाला, सामोसे झाले, लोक एकमेकांना नो वरीज म्हणत घरी गेले. मला त्या सामोशांचीसुद्धा किळस आली.

घरी आलो तर नात ओट्यापाशी लॅपटॉप घेऊन बसलेली. युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला आहे. अमेरिकेच्या अगदी पहिल्या सरकारची बलस्थानं आणि दुबळेपणा, यावर तिला निबंध लिहायचा होता.

"सांग मला," म्हटलं. "मराठीत सांग."

"ट्राय करते. तेरा राज्यं इंग्लंडच्या राजाशी लढली. दे वेअर सो स्केअर्ड ऑफ अ किंग, की नव्या सरकारला पॉवरच दिली नाही. टॅक्स लावता येत नाही. राज्यांकडे फक्त मागायचा."

"आणि नाही दिला तर?"

"नथिंग. सक्ती करायला कोणी नाही, देशाचं कोर्ट नाही. सोल्जर्सचे पगारसुद्धा थकले."

"जे लढले त्यांचे?"

"हो."

"मग नियम बदलायचा ना, पोरी."

"तेराच्या तेरा राज्यांनी हो म्हणायला हवं. टॅक्सचं विचारलं तर एक टायनी स्टेट नो म्हणालं."

मी हसलो, पण तोंड कडू झालं होतं.

"आजोबा, दे डिड गुड थिंग्ज टू. वॉर शेवटाला नेली, राजाशी तह केला. पश्चिमेच्या जमिनीवर नवी राज्यं होणार होती, त्यांना जुन्यांच्या बरोबरीचा हक्क ठरवला."

"चांगलंच केलं. पण पगार थकलेल्या सैनिकाने त्या तहाला काय चाटायचं? पुढे काय झालं?"

"काही वर्षांनी नवीनच सरकार बनवलं, विथ अ प्रेसिडेंट. तेराची वाट बघितली नाही. नऊ हो म्हणाले की बास, असं ठरवलं."

"जुना नियम तेराचा होता ना?"

"येस."

"म्हणजे नियम मोडून?"

"काइंड ऑफ," ती म्हणाली आणि परत टाइप करायला लागली.

जेवण झाल्यावर ग्रुप उघडला. उद्या सकाळी कोण जाणार, या माझ्या प्रश्नाखाली तेच जोडलेले हात. एकाने 'टेक केअर काका' लिहिलेलं. कॉम्प्युटरवाल्याने लिहिलं होतं, 'समवन प्लीज.' अध्यक्षाची खुर्ची मी जवळून पाहिली होती, ती मला परत नको होती. पण निदान त्या माणसाला शिवी तरी देता येत होती. इथे शिवी द्यायची कोणाला? मी फोन पालथा ठेवला आणि सोबत्याला जाऊन सांगितलं, सकाळी तयार राहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा हात धरून कॉम्प्युटरवाल्याच्या दाराशी गेलो. मोठी गाडी दारातच उभी होती. दार उघडेपर्यंत बेलवरचं बोट काढलं नाही.

"काका, मेसेज करायचा ना," तो डोळे चोळत म्हणाला. "माझी मीटिंग आहे."

"चावी आण."

"पण पाळी तर ठरली नाही—"

"आत्ता ठरली."

तो आत गेला आणि चावी घेऊन आला. सोबत्याला मी पुढे बसवलं, त्याचा पट्टा लावला, आणि मागे बसून दार ओढून घेतलं.