पाचाच्या जागी एक

तो आकडा बदलला तेव्हा माझं डोकं अगदी ठिकाणावर होतं. रागाच्या भरात झालं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

मी अर्धापूरची. पोरगी डॉक्टर होणार असं वडिलांनी अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं आणि अकरावीला मला लातूरला आणून टाकलं. एका खोलीत चार मुली, भिंतीवर वेळापत्रक, दिवसभर क्लास. थोड्या मार्कांनी मेडिकल हुकलं. वडील चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. मग डिप्लोमा केला आणि लातूरच्याच एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये नोकरी धरली. मालकांना सगळे अप्पा म्हणायचे. त्यांनी कॉम्प्युटरवर चालणारं नवीन सीएनसी मिलिंग मशीन आणलं होतं, त्याचे प्रोग्रॅम मी लिहायचे. शेडमध्ये मी एकटीच बाई, आणि मला त्याचा लई तोरा होता.

लोखंडाच्या भोकात बोल्ट बसावा म्हणून हाताने आटे पाडायचं काम एका माणसाकडे होतं. सगळे त्याला मामा म्हणायचे, मीही. चाळिशीचा, सडपातळ, किल्लारीच्या बाजूचा. भूकंपात घर गेलं, बायको गेली. उरली ती एक मुलगी, तेव्हा तीन वर्षांची. तिच्या क्लाससाठीच तो गाव सोडून लातूरला खोली करून राहायचा.

शेडमध्ये पान्यांचा एक लोखंडी रॅक होता. बाहेरून जड ट्रक गेला की त्यातले पाने किणकिणायचे, आणि मामा हातातलं काम टाकून दारात जाऊन उभा राहायचा. पोरं हसायची. एकदा जेवताना मी त्याला विचारलं, तेव्हा त्याने खाली बघत सांगितलं की त्या पहाटे आधी फळीवरची भांडी वाजली होती. बायकोने त्याला हलवून उठवलं. मांजर असंल, झोप, असं तो तिला म्हणाला. एवढंच सांगून त्याने डबा बंद केला. हे शेडमध्ये फक्त मला माहीत होतं.

मशीनवर आटे पाडायला मला मामानेच शिकवलं, हे आधी कबूल करते. पोलादात खोल, बंद तळाचं भोक असेल तर त्यात टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, सरळ उतरवला की चिप्स, लोखंडाचा कीस, आत अडकतात आणि टॅप मोडतो. माझे लागोपाठ तीन मोडले. मामा येऊन म्हणाला, "ताई, टॅपला ढकलायचं न्हाई. थोडं पुढं जायचं, माघारी यायचं, घाण सुटू द्यायची. मग फिरून जायचं." हाताने तो वर्षानुवर्षं तेच करत आला होता. मी पुस्तक उघडलं तर मशीनलाही ते येत होतं. एका दमात किती मिलिमीटर आत जायचं तो आकडा प्रोग्रॅममध्ये घालायचा, की टॅप तेवढा जाऊन उलटा फिरत बाहेर येतो आणि पुन्हा आत शिरतो. मामाने अंदाजाने पाच सांगितलं. पाच घातलं. त्यानंतर एकही टॅप मोडला नाही. अप्पांनी शाबासकी मला दिली आणि मी ती गुपचूप घेतली.

मामाची मुलगी तेव्हा अकरावीत होती. क्लास सुटला की कधीकधी डबा घेऊन यायची. एका दुपारी ती माझ्या मागे उभी राहून स्क्रीन बघत होती. टॅप किती वेगाने आत जायचा त्या आकड्यावर बोट ठेवून, हा कुठून येतो, असं तिने विचारलं. अप्पा शेजारीच होते, म्हणून मी जरा ऐटीत सांगितलं, की मिनिटाला जेवढे फेरे, त्याला दोन आट्यांमधल्या अंतराने गुणायचं. त्यात फरक पडला तर टॅप गेलाच. फेरे तीनशे, अंतर पावणेदोन. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, मग पाचशे पंचवीस यायला पाहिजे ना? स्क्रीनवर साडेचारशे होतं. आदल्या, बारीक आट्यांच्या कामाचा प्रोग्रॅम उचलून मी तो आकडा तसाच ठेवला होता. अप्पा पोट धरून हसले. म्हणाले, हिलाच बसवू का तुझ्या खुर्चीवर?

पोरीने माझा टॅप वाचवला होता. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. क्लासमध्ये ती पहिली येते हे मामा ज्याला त्याला सांगत फिरायचा. ती डॉक्टर होणार हे मला दिसत होतं आणि ते मला बघवत नव्हतं. दुसरं काही कारण नव्हतं. जळत होते मी.

मशीन आल्यावर हाताने आटे पाडायचं काम संपणारच होतं. अप्पांनी मामाला स्पष्ट सांगितलं, मशीन चालवायला शीक. नांदेडच्या पार्टीची माणसं येतील तेव्हा त्यांच्यासमोर तू चालव. जमलं तर मशीन तुझं, न्हाई तर दुसरीकडं बघ. मामा जीव तोडून शिकला. कुठलं बटण कशाचं, हे वहीत चित्रं काढून ठेवायचा. मुलगी घरी त्याची उजळणी घ्यायची म्हणे.

ती माणसं यायची होती त्या दिवशी सकाळी मी लवकर आले. पाचाच्या जागी एक घातलं. फेरे दुप्पट केले आणि त्याच हिशेबाने वेगाचा आकडाही दुप्पट केला. प्रोग्रॅम चुकीचा नव्हता. आटे चोख पडले असते. फक्त सहा वेळा आत-बाहेर होणारा टॅप आता एका भोकात तीस वेळा होणार होता, आणि दर वेळी उलटं फिरताना मशीन हिसका देणार होतं. मशीनचा पाया कच्चा आहे हे मला ठाऊक होतं. पान्यांचा रॅक मी दोन हातांनी ओढून मशीनला टेकवून ठेवला.

मामाने धुतलेला शर्ट घातला होता. मशीनला नमस्कार करून त्याने बटण दाबलं. टॅप आत, बाहेर, आत, बाहेर, आणि दर हिसक्याला सगळे पाने वाजायला लागले. मी त्याच्या शेजारी उभी होते. त्याने रॅककडे पाहिलं, मग माझ्याकडे. कपाळावर घाम आला होता, पण पहिलं भोक त्याने पार पाडलं. मशीनची कड त्याने इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. मी मनात म्हणाले, आता पळ.

दुसऱ्या भोकाच्या मध्यावर त्याने लाल बटणावर हात मारला. टॅप भोकात अडकून मोडला. आणि मामाने माझं मनगट धरलं.

"ताई, भाईर चला. भाईर."

एकटा पळाला नाही तो. मला ओढत, जवळजवळ उचलत, त्याने अंगणात आणून उभं केलं. माझ्या दोन बांगड्या फुटल्या. वर पत्रा नाही ना, हे त्याने मान वर करून बघितलं, आणि मगच माझा हात सोडला. आतून नांदेडच्या माणसांचं हसणं ऐकू येत होतं. मामा हळूहळू भानावर आला, माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमचा टॅप मोडला की माझ्याच्यानं."

अप्पांनी मला आत बोलावून एकच विचारलं, प्रोग्रॅम बरोबर होता का. बरोबर होता, असं मी सांगितलं. चालू मशीन सोडून पळणारा माणूस मला नको, असं म्हणून त्यांनी मामाला त्याच दिवशी काढलं. मी तोंड उघडलं असतं तर तो राहिला असता. मी उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची मुलगी सामान न्यायला आली. क्लास सोडला, उद्या गावाकडं चाललोय, असं तिने न विचारता सांगितलं. टॅप फिरवायचा त्याचा दांडा, डबा, ती चित्रांची वही, सगळं पिशवीत भरलं. मग स्क्रीनपाशी थांबली. आदल्या दिवसाचा प्रोग्रॅम तसाच उघडा होता.

"मॅडम, हितं पाच होतं ना?"

मी म्हणाले, तुझं सामान घे आणि नीघ. ती स्क्रीनकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. हुशार पोरगी होती, तिला किती वेळ लागणार? तिला सगळं कळलं, हे मला तिच्या तोंडावर दिसलं. ती आता ओरडेल, अप्पांना बोलावेल, असं मला वाटलं. खरं सांगते, तिने तसं करावं असंही वाटलं.

तिने पिशवी उचलली. दारापर्यंत गेली आणि बापाने सांगितलेला निरोप आठवून मागे वळली.

"पप्पांनी विचारायला लावलंय," ती म्हणाली. "तुमच्या हाताला लागलं तर न्हाई ना?"

मनगटावर बांगडीच्या काचेचा ओरखडा होता. मी ओढणी त्याच्यावर घेतली आणि म्हणाले, न्हाई.