आईला सांगायचं नाही

पाळणाघरातल्या मावशीने केस पिकेपर्यंत दुसऱ्यांची मुलं सांभाळली. तिथल्या बायकांचा आपसांतला एक नेम होता. मुलाने पहिलं पाऊल इथे टाकलं, तर आईला सांगायचं नाही. बिचारी दिवसभर राबून येते, तेवढा आनंद तरी तिला घरी मिळू दे. "आज हिला जरा जमिनीवर सोडा हं," एवढंच मावशी म्हणायची. दुसऱ्या दिवशी आई नाचत बातमी घेऊन आली, की "अगंबाई, खरंच?" म्हणून आ वासायची.

तिचा स्वतःचा मुलगा मात्र शेजारच्या काकूंकडे वाढला. दोघांनी कमावल्याशिवाय घर चालत नव्हतं, इलाज नव्हता. त्याचा पहिला दात, पहिला शब्द, सगळं काकूंच्या पदरात पडलं. तिला एकच गोष्ट लाभली. एका संध्याकाळी ती काकूंच्या दारात चपला काढत होती, तेव्हा पोरगं काकूंचं बोट सोडून डुगडुगत आलं आणि तिच्या गुडघ्यांना बिलगलं. पुढे तो शिकला, लांब गेला, फोन तुटक झाले. तरी रोज देवापुढे बसली, की ती म्हणायची, 'बाकी सगळं हुकलं, पण तेवढं तू मला दाखवलंस.'

परवा ती काकूंना बघायला गेली. काकू थकल्यात, पण जीभ तशीच चुरचुरीत.

"लेक फोन करतो का गं, की पायाला भिंगरीच अजून?"

"करतो अधूनमधून."

"मुळातला पळपुट्या तो! चालायला लागला तेव्हा माझ्या ओट्यापासून खाटेपर्यंत आठवडाभर नुसता धुडगूस. तुझी यायची वेळ झाली, की मी कडेवर उचलून घ्यायची. तुला दिसायला नको ना!"

मावशीचा कप ओठांशीच थांबला. "म्हणजे, त्या संध्याकाळी..."

"अगं, तूच नव्हतं का हसत हसत सांगितलं, पाळणाघरात आईपासून कसं लपवता ते? म्हटलं, हिलाही मिळू दे की."

काकूंचा चेहरा इतका मायेचा, की रागवायचं तरी कुणावर?

"बरं केलंत हो," एवढंच ती म्हणाली.

घरी येऊन देवापुढे हात जोडले, पण रोजचे शब्द काही ओठांवर येईनात.

दुसऱ्या दिवशी पाळणाघरातली एक छकुली खिडकीचा गज सोडून चालत चालत तिच्याकडे आली. संध्याकाळी तिची आई धापा टाकत पोचली. दोन्ही खांद्यांना पिशव्या, डोळ्यांत झोप.

"मावशी, आज काही नवीन?"

मावशी छकुलीच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"नाही गं. घरी गेलीस, की हिला जरा जमिनीवर सोड."

एरवी ती दारापर्यंत सोडायला जायची. आज आत वळली आणि पसरलेली खेळणी गोळा करत बसली.