लीडरबाईंची घरातली लाईन

लीडरबाईंना रिकामा माणूस बघवायचा न्हाई. माझा नवरा गेला तवा त्या भेटायला आल्या. बायका भिंतीला टेकून बसलेल्या. लीडरबाईंनी पिशवीतनं मेथीच्या चार जुड्या काढून मधी टाकल्या आन म्हणाल्या, "रडत रडत निवडा. संध्याकाळी पोरांना जेवायला लागणारच आहे." कुणाकुणाला राग आला. मी पयली जुडी वढली. हाताला काम लागलं तसा जीव जरा थाऱ्यावर आला.

चाकणच्या कंपनीत आमी गाडीच्या वायरी बांधायचो. त्या आमच्या लाईनच्या लीडर, म्हणून लीडरबाई. वयानं धाकट्या, मला मावशी म्हणायच्या. मी शाळेत दोनच वर्सं गेलेली, वाचता येत न्हाई. दुसऱ्या कुणी घरी धाडलं असतं. ह्यांनी मला रंगावर शिकवलं. लाल हितं, पिवळी तितं, आन हिरवी टेप दिसली म्हंजी तपासून झालेलं, त्याला हात लावायचा न्हाई. बारा वर्सं मी रंगावर नोकरी केली.

बिनकामाचं उभं राहिलेल्या मशीनला कंपनीत आयडल म्हणतात. लाईनवर कुणी उगा उभी दिसली की त्या लांबनंच वरडायच्या, "आयडल कोण आहे तिकडं?" पाठीमागं आमी त्यांनाच आयडलबाई म्हणायचो. त्यांना ठाऊक व्हतं. एकदा डबा खाताना म्हणाल्या, "नाव चांगलं ठेवलंय. ठेवणारीला उद्या ओव्हरटाइम."

मग त्यांच्या किडन्या गेल्या. काम सुटलं. कासारवाडीत आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून. त्या एकट्याच. आठवड्यातनं दोनदा डायलिसिसला जायच्या, चार चार तास सुया लावून पडायच्या. परत आल्या की म्हणायच्या, "मावशी, आता मीच आयडल." तेवढं मला ऐकवायचं न्हाई.

त्यांचा भाऊ अनिल हिंजवडीला कंप्युटरच्या कामाला. त्यानं आपला जुना कंप्युटर आणून दिला, पडल्या पडल्या पिच्चर बघ म्हणून. त्यांनी दोन बघितले आन बंद करून ठिवला. तवा अनिलनं सांगितलं, घरातला कंप्युटर रिकामा असला तर त्याची ताकद शास्त्रज्ञांना देता येती. रोगावरचं मोठं गणित ते बारीक तुकडे करून घरोघरी धाडतात, नेटवरनं. सगळ्या जगात. ज्याचा त्याचा कंप्युटर आपला तुकडा सोडवतो आन परत पाठवतो. लीडरबाई उठून बसल्या. "म्हणजे लाईनच की रे."

माझ्या काय ध्यानात येईना. त्या म्हणाल्या, "मावशी, बारा वर्षांत तुम्ही अख्खी गाडी कधी बांधलीत का?"

म्हणलं, न्हाई बाई, मी हॉर्नची वायर टोचायची.

"मग? ती नसती तर हॉर्न वाजला असता?"

कामं लई रोगांची व्हती. त्यांनी लहान पोरांच्या कॅन्सरचं घेतलं. मशीननं नाव इचारलं. अनिल त्यांचं टाकाया लागला, तर म्हणाल्या, "माझं नको. सुमन टाक."

सुमन माझी मधली. सात वर्सांची व्हती, रक्ताचा कॅन्सर झाला. औषधं लागू पडली न्हाईत. मी चहाचे कप उचलले आन धुवायला गेले.

पडद्यावर एक पट्टी असायची. काम व्हईल तशी भरत जायाची. पुरी भरली की लीडरबाई म्हणायच्या, "सुमनचा माल गेला." एका तुकड्याला मुदत असायची, दहा दिवस, बारा दिवस. तेवढ्यात झाला न्हाई तर तो दुसऱ्या घरी जायाचा.

माझ्या हातनं चूक झाली ती हितंच. त्यांना ताप चढला, दवाखान्यात ठिवलं. चावी माझ्यापाशी. मी झाडून काढलं, आन निघताना सवयीनं मेन बटण बंद केलं. कुलूपबंद घरात लाईट कशाला जाळायची. नऊ दिवसांनी त्या आल्या, कंप्युटर लावला. मुदत गेली व्हती. मला वाटलं, चार शिव्या द्याव्यात. त्या म्हणाल्या, "चूक माझी. टेप लावायची राहिली." डब्यातनं कंपनीतली हिरवी टेप काढली आन बटणाला गुंडाळली.

तवापासनं मी चुकले न्हाई. आमच्याकडं गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाती. परत आली की मशीन आपणहून उठत न्हाई, त्याच्या अंगावरचं बटण दाबावं लागतं. उन्हाळ्यात ते तापायचं, तर लीडरबाई आपला टेबलफॅन त्याच्याकडं फिरवायच्या आन सोता घामानं भिजायच्या. म्हणायच्या, "मी काय काम करते? ते करतंय."

शेवटच्या वक्ताला मी दवाखान्यात त्यांच्यापाशी उभी. तोंडावरचा मास्क त्यांनी सोताच बाजूला केला.

"मावशी, लाईन?"

"चालू हाय. पट्टी अर्ध्याच्या फुडं गेलीया."

"आज वार कुठला?"

"गुरुवार."

"मग तुम्ही इथं उभ्या का?"

मी निघाले. बस पकडून घरी आले, लाईट आली तसं बटण दाबलं. पट्टी जिथं व्हती तिथनं हलली. सांजच्याला अनिलचा फोन आला, ताई गेली. मी जवळ नव्हते. त्याचं मला वाईट वाटत न्हाई. त्यांनी मला कामावर धाडलं व्हतं.

पाचव्या दिवशी अनिल खोली आवरायला आला. म्हणाला, कंप्युटर लई जुना झालाय, भंगारात देतो. आन बटणाला हात घातला. मी त्याचा हात धरला. म्हणलं, "हिरव्या टेपला हात लावायचा न्हाई."

त्यानं पडद्याकडं बघितलं. थोडंच राहिलं व्हतं. तो खाली बसला. मी चहा केला. दुपारी जेवायच्या टायमाला पट्टी भरली, माल गेला. कुणी न मागता दुसरा तुकडा आला आन पट्टी परत रिकामी सुरू झाली. अनिलनं डोळं पुसलं, मशीन उचललं आन माझ्या खोलीत आणून जोडून दिलं. टेप मी माझ्या हातानं लावली.

शेजारीण इचारती, आत कुणी नसताना हे काय घरघरतं. मी म्हणते, कुणी न्हाई कसं? सुमनची शिफ्ट चालू हाय.