म्हातारा दिवा

प्रयोगशाळेत तिला सगळे जेलवाली म्हणत. घरी आई ठमी म्हणायची, म्हणजे आवाज होता तोवर. आईचा आवाज काय सांगावा! तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून "ठमेऽऽ" अशी हाक आली की खेळातली निम्मी पोरं घाबरून आपापल्या घरी पळायची. मग घशाचं ऑपरेशन झालं, स्वरतंतूंवर कडक व्रण धरला आणि आवाजाची नुसती कुजबुज उरली. आता आई ताटलीवर चमचा वाजवून बोलावते.

ठमीची उमेदीची वर्षं त्या व्रणामागे गेली. व्रणाच्या जागी भरायचं जेल ती बनवत होती. जेल म्हणजे पाणी धरून ठेवणारा लिबलिबीत थर. त्यात जिवंत पेशी मिसळायच्या आणि वरून दिव्याचा निळसर प्रकाश सोडायचा, की तो आळतो. जास्त वेळ ठेवला तर कडक, कमी ठेवला तर मऊ. पेशींचे नखरे तर विचारूच नका! जेल कडक लागलं की त्या पुन्हा व्रणच तयार करतात, फार मऊ लागलं की मरतात. खूप धडपडून एकदाचा नेमका मऊपणा सापडला आणि पेशी त्यात सुखाने नांदू लागल्या. प्राण्यांवरच्या चाचण्या झाल्या की पहिल्या रुग्णांत आईचा नंबर होता. "फार थांबू नका, व्रण मुरला की जेलचाही उपयोग नाही," डॉक्टरांनी बजावलं होतं. आईने तर ठरवूनच टाकलं होतं, आवाज आला की पहिली हाक खिडकीतून मारायची आणि ठमीने खाली उभं राहायचं.

आणि एका सकाळी दिवा गेला.

नवा बसवला, तर जेल दगडासारखं. वेळ कमी केला, तर वरून कडक आणि आत कच्चं. दिवा लांब नेला, मध्ये जाळी लावली, पण पेशी काही केल्या जगेनात. तेव्हा कुठे तिला कळलं. जुना दिवा इतकी वर्षं हळूहळू मंद होत आला होता. प्रकाश किती वेळ द्यायचा हे तिने डोळ्यांत तेल घालून पाहिलं. तो किती येतोय हे मोजायचं यंत्र मात्र खणात धूळ खात पडलं होतं. तिची सगळी हुशारी त्या मरायला टेकलेल्या दिव्याची निघाली. जेल जमलं तेव्हा तो किती प्रकाश देत होता, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

"चाचण्या थांबवाव्या लागतील," प्रमुख म्हणाले. "पहिल्यापासून सुरू करू."

"सर, तोवर आईचा व्रण मुरेल."

सरांनी चाचण्यांची फाइल मिटून खणात ठेवली.

घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगून टाकलं. "आई, तुझं नाही होणार आता. माझ्याच चुकीने."

आईने हातातला चमचा ताटलीत ठेवला. मग कुजबुजली, "जा, खाली उभी राहा."

"आई, कशाला गं?"

"जा म्हणते ना!"

ठमी खाली जाऊन उभी राहिली. वर खिडकीत आईने गज धरले, मान ताणली, तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा खालूनही दिसत होत्या. रस्त्यावरच्या एकानेही वर पाहिलं नाही.

"आले गं, आले!" ठमी जिवाच्या आकांताने ओरडली आणि रडत जिना चढू लागली.