मावशीच्या मागच्या खोलीतल्या बारा पिशव्या

माझी मावशी सव्वीस वर्षं हॉस्पिटलात होती, पण पेशंट तिने फारसे बघितलेच नाहीत. तिचं खातं तळघरात. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, वाट्या रक्ताने माखून खाली यायच्या. मावशी त्या धुवायची, कापडात बांधायची, वाफेच्या मोठ्या यंत्रात घालायची आणि वर पाठवायची. बस, एवढंच काम. पण ती म्हणायची, "डॉक्टरचा हात चुकला तर एकाचं वाटोळं. माझा चुकला तर अख्खा वॉर्ड आडवा."

कामाच्या पहिल्याच दिवशी तिथल्या मोठ्या बाईंनी तिला सांगितलं होतं, या खोलीतली सगळ्यात घाण वस्तू म्हणजे तू. तुझा श्वास, तुझे केस, तुझी नखं. मावशीने ते जन्मभर धरलं. सव्वीस वर्षं ती तोंडाला मास्क लावून वावरली. स्वतःला जपायला नाही, तर स्वतःपासून त्या कात्र्यांना जपायला. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

लग्न तिने केलं नाही. का, ते मला माहीत नाही. आईला माहीत आहे, पण ती ताकास तूर लागू देत नाही. मी नववीत शाळा सोडली तेव्हा घरात रणकंदन झालं, आईने दोन दिवस अन्न सोडलं. मावशी आली, चपला काढता काढताच म्हणाली, "बरं, सोडलीस. उद्या सकाळी उठून काय करणार?" बाकी सगळे का सोडली ते विचारत होते. हिने उद्याचं विचारलं. आज मी कुरिअरची पार्सलं टाकत दिवसभर स्कूटरवर फिरते ती त्या प्रश्नामुळे. मला एका जागी बसवत नाही आणि माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळे म्हणतात. म्हणू देत. मावशीबद्दल मात्र कुणी वाकडा शब्द काढायचा नाही.

ती निवृत्त झाली त्या दिवशी हॉस्पिटलच्या लॅबवाल्याने तिला एक प्लॅस्टिकची पिशवी दिली. आत पेंढा, त्यावर पांढरं जाळं पसरलेलं. "बाई, जन्मभर जंतू मारलेत. आता जरा वाढवून बघा," तो म्हणाला. सगळे हसले. मावशी हसली नाही. तिने ती पिशवी मागच्या खोलीत टांगली आणि सांगितलं तसं पाणी फवारत राहिली.

दहा दिवसांनी तिचा फोन. "लगेच ये." कारण सांगेना. मी पार्सलं तशीच टाकून गेले, म्हटलं पडलीबिडली की काय. बघते तर ही स्टूलवर बसून पिशवीकडे टक लावून बघतेय. पिशवीच्या भोकांतून शिंपल्यासारखे करडे पंखे बाहेर आले होते. धिंगरी म्हणतात त्याला.

"मशरूम आहे मावशी. दुकानात मिळतं."

"दुकानात मेलेलं मिळतं," ती म्हणाली. "हे सकाळपासून एवढं वाढलं." आणि बोटाचं पेर दाखवलं.

वर्षभरात एकाच्या बारा पिशव्या झाल्या. पेंढा कापायचा, गरम पाण्यात ठेवायचा, मुठीत दाबला तर दोनच थेंब पडतील इतका निथळायचा, मग बियाण्याचे थर देत पिशवी भरायची. माहीतगार माणसांच्याही पिशव्या हिरव्या बुरशीने नासतात. मावशीची एकही नासली नाही. कशी नासेल? लॅबवाला कौतुकाने माणसं घेऊन यायचा, बघा म्हणायचा, बाईंचा हात बघा. सव्वीस वर्षांत तळघरात उतरून असं कुणी म्हटलं नव्हतं. मशरूम ती विकत नव्हती. जिन्यातल्या सगळ्या घरांत वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी विचारायला जायची, कसे झाले होते म्हणून.

एका बाबतीत मात्र ती कुणाचं ऐकायची नाही. पंख्यांच्या कडा वर वळायच्या आत ते कापायचे असतात. मावशीचा हातच उठायचा नाही. "अजून एक दिवस राहू दे गं. उघडतायत बघ कसे." मग ते पूर्ण उघडायचे आणि त्यांच्यातून पांढरी पूड पडायची, मैद्यासारखी. स्टूलवर, खिडकीवर, तिच्या उशीवर. उशीवर, कारण तिने खाट त्याच खोलीत हलवली होती. आणि ओल टिकावी म्हणून खिडकी कायम बंद.

पिशव्या भरताना ती मास्क लावायची. मशरूम बाहेर आले की काढून ठेवायची.

"आता का काढलास?" मी एकदा विचारलं.

"आता ते दणकट झालेत. माझ्या श्वासाने त्यांना काही होत नाही."

त्यांच्यामुळे हिला काही होईल, हे तिच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. आणि मी स्वतःला मोठी शहाणी समजते.

खोकला आधी साधाच वाटला. मग संध्याकाळी अंगात कणकण, मग जिना चढताना धाप. तीन महिने औषधाच्या बाटल्या रिकाम्या केल्या. मध्ये तिच्या इमारतीतला पाण्याचा पाइप फुटला म्हणून ती आठ दिवस आमच्याकडे राहिली, तर खोकला गायब. आई म्हणाली, "हवापालट झाला, बरं वाटलं." घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी परत सुरू.

घरी मशरूम करणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप होता, लॅबवाल्याने तिला त्यात घातलं होतं. बारीक अक्षर तिला दिसत नाही म्हणून मीच वाचून दाखवायचे. एक दिवस कुणीतरी लिहिलं होतं, पूड छातीत जाते, खोकला येत असेल तर त्या खोलीत झोपू नका. मी वाचायची थांबले. तिच्याकडे बघितलं.

"पुढचं वाच," मावशी म्हणाली.

तिथे मला कळलं की तिलाही कळलंय.

छातीच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे मी तिला नेलं. स्कूटरवर बसताना ती म्हणाली, "तिथे पिशव्यांचं काही बोलू नकोस. ऊठसूट कशालाही नावं ठेवतात." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो दिव्यावर लावला. फुप्फुसांवर धुकं पडल्यासारखं दिसत होतं. "घरात कबुतरं आहेत?"

"नाही," मावशी म्हणाली.

"दुसरे पक्षी? कोंबड्या?"

"छे."

"भिंतीला ओल, बुरशी? कुजलेला पेंढा, काहीही?"

"घर लख्ख आहे माझं. हॉस्पिटलात होते मी."

टेबलाखाली तिचा हात माझ्या मांडीवर होता. तिने चिमटा काढला, जोरात. मी बोलले तरीही.

"आहे. बारा पिशव्या मशरूम आहे. ही त्याच खोलीत झोपते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्या मावशीशी सावकाश बोलल्या. त्या पुडीने आतून सूज येते. आत्ता थांबलात तर बरंचसं भरून येईल. नाहीतर फुप्फुस चामड्यासारखं कडक होत जातं, आणि मग ऑक्सिजनच्या नळीशिवाय श्वास नाही.

"दोनच ठेवल्या तर?"

"एकही नाही."

"मास्क लावला तर?"

"आजी, आता तुमच्या छातीने ते ओळखलंय. चिमूटभर गेलं तरी ती भडकणार."

घरी येताना तिने माझा खांदा धरला नाही. मागची दांडी धरून बसली. जिन्यात, पहिल्या मजल्यावर दम घेताना, एकच वाक्य बोलली. "तू फितूर झालीस."

"हो, झाले," मी म्हटलं. "पुन्हा होईन."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. मी पिशव्या काढायला गेले तर दारात आडवी उभी राहिली. चार पिशव्यांना नुकतेच टाचणीच्या डोक्याएवढे दाणे फुटले होते, ते तिच्या मागून मला दिसत होते. मी तिला धक्का देऊन आत जाऊ शकले असते. तिच्यात जोर होता कुठे? पण तसं मला करायचं नव्हतं. मी कामावर सुट्टी टाकली आणि तिच्या पुढच्या खोलीत जमिनीवर जाऊन बसले. ती आत, मी बाहेर. आई डबा आणायची, आम्हा दोघींकडे बघायची आणि म्हणायची, "एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती फवाऱ्यात पाणी भरून उठली आणि दोन पावलांवर थांबली. एका हाताने दाराची चौकट धरली. श्वास आत जाईना. ओठ जांभळे पडले. मी उठले, तिने हात वर करून मला थांबवलं आणि तशीच खाली बसली. तिची छाती घरघरत होती. मग तिने फवारा माझ्याकडे सरकवला. कमरेला खोचलेली त्या खोलीची किल्ली काढून त्याच्या शेजारी ठेवली. आई आल्यावर कुणी न सांगताच तिच्याबरोबर आमच्या घरी गेली.

दाणे फुटलेल्या चार पिशव्या लॅबवाला आपल्या गच्चीवर घेऊन गेला. त्याची मान खाली होती, एकही विनोद सुचला नाही त्याला. बाकीच्या आठ मी इमारतीच्या बागेत खड्डा करून पुरल्या. खाट बाहेर काढली, गादी-उशी टाकून दिली, छत, भिंती, फरशी दोनदा ओल्या फडक्याने पुसली आणि खिडकी सताड उघडी ठेवली.

सहा दिवसांनी मावशी घरी आली. दोन मजले चढायला तिला पाव तास लागला. खोलीत पाऊल टाकलं नाही, दारातूनच हात लांबवून चौकटीच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं, बोट डोळ्यांजवळ धरलं.

"याला पुसणं म्हणतात?"

नऊ दिवसांनी तिने माझ्याशी तोंड उघडलं ते हे. तिने बाहेरच्या खोलीत खुर्ची ओढली, दारासमोर बसली आणि मला बादली आणायला लावली.

"वरून खाली ये. खालून वर गेलीस की घाण परत चढते."

"हं."

"फडकं उलटव. त्याच बाजूने किती वेळ?"

"हं."

"कोपरा राहिला. कोपरा मी पुसू का आता येऊन?"

मला उलट बोलायची सवय आहे, सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी मी एकदाही बोलले नाही. तिने पूर्ण खोली तीनदा पुसून घेतली. तिसऱ्यांदा मागून आवाज आला नाही म्हणून मी वळून बघितलं. ती छताकडे बघत होती. तिथे बारा हूक तसेच होते.

"ते पण काढ," ती म्हणाली.

मी पक्कड घेऊन स्टूलवर चढले. ती मोजत बसली.